रविवारच्या सायकलफेरीत मागे पडणाऱ्यांसाठी काय करावे?

आपला प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. कोथरूडमधील आपल्या सोसायटीतील १४ जण, वय वर्षे १३ ते ६४, पहिल्याच रविवारी सायकलने खडकवासल्याला निघाले. चार तरुण पुढे निघून गेले, मधल्या काहींची राजाराम पुलानंतर चुकामूक झाली आणि एक ताई वडगावपासून कोणाला न सांगता माघारी फिरल्या. पुढच्या रविवारसाठी विचारणा केली तेव्हा पाचच जणांनी होकार कळवला. आता ताशी किती वेग ठरवावा आणि वेगाने जाणाऱ्यांचा गट वेगळा करावा का, असे आपण विचारले आहे.

मी गेली बारा वर्षे पुण्यात आणि आसपास अशा आरामशीर सायकलफेऱ्या नेते. सुरुवातीची दोन वर्षे मीही फेरीच्या निरोपात 'वेग ताशी १५ ते १८' असे लिहीत असे, आणि तरीही दर वेळी कोणीतरी मागे पडतच असे. वेगाचा आकडा ठरवून हा प्रश्न सुटत नाही, कारण तो आकडा पाळण्याइतके भान पुढच्याला राहत नाही आणि तो गाठण्याइतकी ताकद मागच्याकडे नसते. माझ्या मते आपला खरा प्रश्न थांब्यांचा आहे. थांबे किती अंतरावर घ्यावेत आणि थांब्यावरून निघण्याची वेळ कोणी ठरवावी, एवढ्या दोन गोष्टी नीट बसल्या, तर वेगाचा विषय बराचसा आपोआप मिटतो.

हिशोब करून पाहा. सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारा स्वार ५ किलोमीटर अंतर १५ मिनिटांत कापतो, तर ताशी १२ किलोमीटरने जाणाऱ्याला त्याच अंतराला २५ मिनिटे लागतात. म्हणजे दर ५ किलोमीटरला थांबा असेल, तर सर्वांत वेगवान माणसाला सर्वांत संथ माणसासाठी १० मिनिटे थांबावे लागते. पाणी पिणे, सीट थोडी वरखाली करणे, चार शब्द बोलणे यात १० मिनिटे सहज जातात. परंतु मध्ये कुठेही न थांबता कोथरूडहून थेट धरणापर्यंत, म्हणजे सुमारे १५ किलोमीटर, सर्वांना मोकळे सोडले, तर तोच फरक अर्ध्या तासाचा होतो. अर्धा तास धरणाच्या भिंतीजवळ उभे राहून वाट पाहणारे चौघे कंटाळतात, आणि शेवटी पोचणाऱ्याला आपण सर्वांचा खोळंबा केला असे वाटून तो मनातून खचतो.

दुसरी गोष्ट मला एका काकांमुळे समजली. निवृत्त गृहस्थ, काळी, जुन्या घडणीची, गिअर नसलेली सायकल, आणि गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट. ते कधीही तक्रार करत नसत. तीन-चार फेऱ्यांना आले आणि मग येईनासे झाले. मी फोन केला तेव्हा म्हणाले, "मला दम लागत नाही हो, पण मी आलेला दिसलो की तुम्ही सगळे उठता." मी मागचे रविवार आठवून पाहिले आणि ते शब्दशः खरे होते. काका वळणावर दिसले की आम्ही 'चला, आले' म्हणत बाटल्यांची झाकणे लावायचो, हेल्मेटचे बंद आवळायचो, आणि ते पाय टेकेपर्यंत पुढचे दोघे निघालेलेही असायचे. वेगवान माणसांना प्रत्येक थांब्यावर दहा मिनिटांची विश्रांती मिळत होती, आणि विश्रांतीची सर्वांत जास्त गरज असलेल्या माणसाला सबंध तीन तासांत एकदाही बसायला मिळत नव्हते. शिवाय दमलेला माणूस विश्रांतीशिवाय पुढे निघाला की पुढच्या टप्प्यात आणखी मागे पडतो, त्यामुळे अंतर वाढतच जाते. आपल्या त्या ताई वडगावहून परतल्या, त्याचे कारणही बहुधा याच जातीचे असावे.

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे, आणि मी तो कोणासाठीही मोडत नाही. थांब्याची वेळ शेवटची सायकल पोचल्यापासून मोजायची. शेवटचा माणूस उतरला, पाणी प्यायला, त्याचा श्वास खाली बसला, की त्यानंतर किमान पाच मिनिटे कोणीही सायकलला हात लावायचा नाही, आणि 'निघू या का?' हे त्याने विचारायचे. पहिल्या फेरीला तरुण मंडळी थोडी चुळबुळ करतात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपर्यंत ती सवय होते, कारण गप्पा त्याच वेळेत रंगतात.

थांब्याची जागा आधी पाहून ठेवावी. चौकात, पुलावर, चढाच्या मध्यावर किंवा वळणाच्या लगेच पुढे गट उभा करू नये. चढ संपल्यावर सपाटीला शंभरएक मीटर पुढे, डाव्या अंगाला चौदा सायकली रस्त्याबाहेर उभ्या राहतील अशी जागा लागते. चहाच्या टपरीशेजारी किंवा बंद दुकानांच्या समोर अशी जागा बहुधा मिळते. आदल्या आठवड्यात एकट्याने किंवा दुकट्याने तो मार्ग सायकलनेच फिरून यावे. मोटारीतून पाहिलेला रस्ता आणि सायकलवरून अनुभवलेला रस्ता यांत फार फरक असतो, कारण मोटारीत चढ जाणवत नाही.

आता गट रस्त्यावर कसा चालवावा याविषयी. दोन माणसे आधी नेमावीत. एक सर्वांत पुढे राहणारा म्होरक्या, ज्याला कोणीही ओलांडायचे नाही, आणि दुसरा सर्वांत मागे राहणारा, ज्याच्या मागे कोणीही राहायचे नाही. या दुसऱ्याला आम्ही 'पाठराखा' म्हणतो. अनेक गट इथे चूक करतात आणि जो तसाही मागे राहणार असतो त्यालाच शेवटचे स्थान देतात. पाठराखा गटातील सर्वांत दमदार आणि शांत स्वभावाच्या माणसांपैकी असावा, त्याला पंक्चर काढता यावे आणि त्याच्याजवळ हवेचा पंप, ट्यूब व फोन असावा. त्याने शेवटच्या स्वाराच्या चाकाला चाक लावून चालू नये. पाठीवर कोणाचा तरी श्वास जाणवला की माणूस घाईने पॅडल मारतो आणि लवकर थकतो. पंधरा-वीस मीटर मागे राहावे, आणि त्या स्वाराला बोलायचे असेल तर मोकळ्या रस्त्यावर थोडा वेळ जवळ जावे.

चुकामुकीवरचा उपाय सोपा आहे. राजाराम पूल ओलांडला की खडकवासल्यासाठी सिंहगड रस्त्याला उजवीकडे वळावे लागते. पुढचा गट दिसेनासा झाला, तर नवखा माणूस रहदारीच्या ओघात डावीकडे स्वारगेटच्या दिशेला जाऊ शकतो. अशा प्रत्येक वळणावर म्होरक्याच्या मागच्या पहिल्या स्वाराने रस्त्याच्या कडेला उभे राहायचे, येणाऱ्या प्रत्येकाला हाताने दिशा दाखवायची, आणि पाठराखा दिसला की त्याच्या पुढे गटात सामील व्हायचे. पुढच्या वळणावर त्या वेळी दुसऱ्या क्रमांकावर असेल तो उभा राहतो. यामुळे नकाशा सर्वांना पाठ असण्याची गरज राहत नाही आणि गट सिग्नलला तुटला तरी कोणी हरवत नाही. सिग्नल लाल झाल्यावर 'गट तुटेल' म्हणून कोणीही घुसू नये, हे निघण्यापूर्वी सर्वांच्या देखत सांगावे. पुढे गेलेल्यांनी चौक ओलांडून मोकळ्या जागी वाट पाहावी.

म्होरक्यासाठी आणखी एक बारकावा सांगते, कारण तो फार कमी लोकांना ठाऊक असतो. गतिरोधक आला की पहिली सायकल वेग कमी करते, ओलांडते आणि पुन्हा वेग घेते. त्या क्षणी दहावी सायकल अजून गतिरोधकाच्या अलीकडे असते. ती ओलांडते तोवर पुढच्यांनी पन्नास-साठ मीटर अंतर काढलेले असते, आणि ते भरून काढण्यासाठी मागच्यांना जोर लावून पळावे लागते. आपल्याकडे दर दोन-तीनशे मीटरला गतिरोधक, म्हणजे मागचे लोक सबंध सकाळ अशा छोट्या-छोट्या धावा काढत असतात आणि पुढच्यांना त्याचा पत्ताही नसतो. म्हणून गतिरोधक, खड्डा किंवा चौक ओलांडल्यावर पुढच्याने शेवटची सायकल बाहेर येईपर्यंत त्याच संथ गतीने चालवावे. मागे वळून पाहू नये, त्याने सायकल झोलते. पाठराख्याने 'आलो' अशी हाळी द्यावी आणि ती तोंडोतोंडी पुढे पोचवावी.

त्या चार वेगवान तरुणांचा गट आत्ताच वेगळा करू नये, असे माझे मत आहे. एका सोसायटीत दोन गट पडले की एक 'खरा' आणि दुसरा 'हळू जाणाऱ्यांचा' ठरतो, आणि दुसऱ्यात जायला कोणी तयार होत नाही. त्यांना कामे द्या. पाठराखा, वळणावर उभा राहणारा, पंक्चर काढणारा, मुलांसोबत चालणारा, ही कामे त्यांच्या ताकदीची आहेत आणि ती केल्यावर त्यांना फेरी आपली वाटते. तरीही पाय शिवशिवत असतील, तर खडकवासल्याला बाकीचे चहा घेत असताना त्यांनी डोणज्याच्या दिशेने पुढे जाऊन ठरलेल्या वेळेला परत यावे. परतीचा प्रवास मात्र सर्वांनी एकत्रच करावा. हे त्या तरुणांच्या स्वभावावर अवलंबून आहे, हे मी मान्य करते. त्यांपैकी कोणी स्पर्धेची तयारी करत असेल, तर त्याला रविवारऐवजी दुसरा दिवस सुचवणे सर्वांच्या हिताचे.

मागे पडणाऱ्या माणसाकडे पाहण्याआधी त्याच्या सायकलकडे पाहावे. माझा अनुभव असा आहे की नवख्या लोकांपैकी पुष्कळजण अशक्त नसतात, त्यांची सायकल त्यांना अडवत असते. एकदा आमच्याकडे एक ताई सतत मागे राहत होत्या. थांब्यावर मी त्यांचे मागचे चाक उचलून हाताने फिरवले, तर ते एक फेरा पूर्ण करून थांबले. ब्रेकचे रबर रिमला घासत होते, आणि त्या आठ किलोमीटर ब्रेक दाबून चालवल्यासारख्या आल्या होत्या. पाना फिरवून रबर मोकळे केल्यावर परतीच्या वाटेवर त्या मधल्या घोळक्यात होत्या. म्हणून आदल्या संध्याकाळी पार्किंगमध्ये सर्वांना अर्धा तास बोलवावे. दोन्ही चाके उचलून फिरवावीत. हवा किती हवी ते टायरच्या कडेवर लिहिलेले असते, तेवढी भरावी. महिनोन् महिने उभ्या असलेल्या सायकलच्या टायरमध्ये निम्मी हवासुद्धा नसते. चेन कोरडी असेल तर तेलाचे थेंब सोडून वरचे तेल फडक्याने पुसून घ्यावे. सीटची उंची मोजायची साधी रीत म्हणजे सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवावी आणि पॅडल सर्वांत खाली न्यावे. त्या वेळी गुडघा जवळजवळ सरळ झाला पाहिजे. पुष्कळ लोक दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकावेत म्हणून सीट फार खाली ठेवतात, आणि मग दहा किलोमीटरनंतर गुडघे दुखतात. सीट वर घेताना नळीवरची कमाल उंचीची खूण बाहेर येऊ देऊ नये. नवख्या माणसाला एकदम उंची देऊ नये, दर आठवड्याला बोटभर वाढवावी, म्हणजे त्याला भीती वाटत नाही.

मार्गाविषयी माझी स्पष्ट सूचना अशी आहे की पुढच्या दोन फेऱ्या शहरातच कराव्यात. रविवारी सकाळी उजाडताना पुण्याचे रस्ते मोकळे असतात, आणि शहरात थांबायला निमित्ते भरपूर असतात. कर्वे रस्त्याने डेक्कनला यावे, जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वराच्या लेण्याशी थांबावे, तिथून नव्या पुलावरून शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर यावे, मग कसबा गणपती, त्यानंतर गंज पेठेतील महात्मा फुले वाडा, आणि परतताना म्हात्रे पूल. सगळे मिळून पंधरा-अठरा किलोमीटर होतात. डेक्कननंतरच्या थांब्यांमधले अंतर इतके कमी आहे की कोणी मागे पडायला वावच राहत नाही. १७३२ साली बांधून झालेल्या शनिवारवाड्याच्या दरवाजावरचे अणकुचीदार खिळे आपल्या तेरा वर्षांच्या मुलाने हत्तींच्या संदर्भात समजून घ्यावेत, तोवर शेवटचा माणूस आरामात पोचतो. पेठांमधील बरेच रस्ते एकेरी आहेत आणि सायकलनेही ती दिशा पाळायची असते, त्यामुळे तो भाग आधी पाहून ठेवणे इथे अधिकच गरजेचे आहे.

शहराबाहेर निघाल्यावर दिशेचा विचार करावा. खडकवासला शहराच्या नैर्ऋत्येला, मुठेच्या वरच्या अंगाला आहे. तिकडे जाताना रस्ता हळूहळू चढतो, आणि पावसाळ्याच्या महिन्यांत पश्चिमेकडचा वारा समोरून येतो. त्यामुळे ताजेतवाने असताना कष्ट होतात आणि दमल्यावर परतीला उतार व पाठीवरचा वारा मिळतो. नवख्या गटासाठी ही रचना उत्तम आहे, म्हणून आपण निवडलेले ठिकाण चुकीचे नव्हते. याउलट थेऊर पूर्वेला, मुळा-मुठेच्या खालच्या अंगाला आहे. जाताना सगळ्यांना आपण फार छान सायकल चालवतो असे वाटते आणि परतीला तोच किंचितसा चढ, समोरचा वारा व हडपसरची रहदारी एकदम अंगावर येते. कोथरूडपासून येऊन-जाऊन ते अंतर साठ किलोमीटरच्या घरात जाते, त्यामुळे थेऊर चार-पाच महिन्यांनंतर करावे. चांदणी चौक ओलांडून मुळशीच्या रस्त्याला लागणे किंवा कात्रज आणि दिवे घाट चढणे, हे त्याहूनही पुढचे. खडकवासल्याला गेलात तर नऊच्या आत परतीला लागावे. सिंहगडाची आणि चौपाटीची रविवारची गर्दी त्यानंतर वाढत जाते. वाटेत उड्डाणपूल आले तरी सायकलने खालच्याच रस्त्याने जावे, आणि रहदारी असेल तिथे एकामागोमाग एक चालावे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्या मी इथून ठरवू शकत नाही. तेरा वर्षांच्या मुलाला सरळ रेषेत चालवता येते का, हात दाखवून वळता येते का, हे आधी सोसायटीच्या आवारात पाहावे. रस्त्यावर पालकाने त्याच्या मागे आणि किंचित उजवीकडे राहावे, म्हणजे मागून येणाऱ्या वाहनाला आधी मोठा माणूस दिसतो. चौसष्ट वर्षांच्या गृहस्थांना रक्तदाब, हृदयविकार किंवा गुडघ्यांचा त्रास असेल, तर त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच अंतर ठरवावे. पावसाळ्यात मी फेऱ्या बंद करत नाही, मात्र अंतर निम्मे करते. रिमवरचे ब्रेक भिजल्यावर उशिरा लागतात, पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणे निसरडी होतात, आणि साचलेल्या पाण्याखाली किती खोल खड्डा आहे ते दिसत नाही. गट मोठा होऊन वीसच्या पुढे गेला, तर त्याचे दोन भाग करावेत, परंतु वेगानुसार करू नयेत. दोन्ही भागांत संथ आणि जलद माणसे असावीत आणि त्यांनी दहा मिनिटांच्या अंतराने निघावे.

खाण्यापिण्याचे थोडक्यात सांगते. पूर्ण उपाशीपोटी निघू नये. एक केळे किंवा शेंगदाण्याचा लाडू पुरतो, आणि भरपेट पोहे परतल्यावर खावेत. पाणी तासाला साधारण अर्धा लिटर या हिशोबाने जवळ असावे. हेल्मेट सर्वांना हवे, त्याची पुढची कड भुवयांच्या दोन बोटे वर असावी, मागे सरकलेले हेल्मेट कपाळ वाचवत नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक तुम्हाला ठाऊक असतीलच, त्यांच्याबरोबर प्रत्येकाच्या घरच्या एका व्यक्तीचा क्रमांक पाठराख्याच्या फोनमध्ये असावा.

आपण पाचच होकार आले म्हणून खंतावला आहात. पाच जणांना घेऊन शहरातली फेरी करावी, आणि तिच्या निरोपात वेगाचा आकडा लिहू नये. निघण्याची वेळ, थांब्यांची नावे, परतण्याची वेळ आणि 'थांब्यावरून शेवटचा माणूस सांगेल तेव्हा निघायचे' हे वाक्य, एवढे लिहावे. हे शेवटचे वाक्य वाचून न आलेल्यांपैकी दोघे-तिघे येतात, असा माझा अनुभव आहे.

आणि वडगावहून परतलेल्या ताईंना निरोप न पाठवता स्वतः फोन करावा. 'तुम्ही का परतलात?' असे विचारू नये, त्याचे उत्तर त्यांना अवघड जाईल. शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये सायकली पाहतो आहोत, तुमचीही आणा, एवढेच सांगावे. त्या आल्या की आधी त्यांचे मागचे चाक उचलून फिरवून पाहा.